दोन जुलैचं पत्र

नाशिक,
१८ जून २०२५

चि. स्नेहल हिस,
अ. उ. आ.

चौदाच महिन्यांनी का होईना, पण मी मोठी आहे, तेव्हा आशीर्वाद मुकाट्याने घे. खुशाली फोनवर आणि खरं पत्रात, असा आपण दोघी मावसबहिणींनी एम.ए.च्या वसतिगृहात ठराव केला होता. गेले दोन महिने तू नुसती खुशालीच कळवते आहेस, म्हणून मीच सुरुवात करते.

माझं खरं असं, की तासिका तत्त्वावरची माझी नेमणूक नेहमीप्रमाणे एप्रिलअखेर संपली आणि नवी ऑर्डर अजून हातात नाही. हे सातवं वर्ष. दर जूनमध्ये कॉलेजच्या फाटकातून आत जाताना मला पाहुणीसारखं वाटतं. तरीही विभागप्रमुखांनी परवा बोलावून घेतलं आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांपुढे ‘मराठी घेऊन पुढे काय’ यावर तासभर बोलायला लावलं. मी बोलले. नेट-सेट, स्पर्धा परीक्षा, भाषांतर, मुद्रितशोधन, मालिकांचे संवाद, जाहिराती, आकाशवाणी, काय काय. फळ्यावर अकरा वाटा झाल्या. मग साई नावाची एक मुलगी उठली आणि तिने विचारलं, की मॅडम, यातल्या तुम्ही कितव्या वाटेवर आहात. वर्ग हसला, मीही हसले. घरी येईपर्यंत ते हसू काही टिकलं नाही.

तुझी वाट मी फळ्यावर लिहिली नाही. मंगलाष्टका, मानपत्रं, सत्काराची भाषणं यांना कोणत्या रकान्यात टाकायचं ते मला कळेना. रागावू नकोस, थट्टा करते आहे.

हो, मेअखेरीस आम्ही देवळाली कॅम्पला एका लग्नाला गेलो होतो. नवरा मुलगा तोफखान्यात आहे, ललितच्या मित्राचा धाकटा भाऊ. मंगलाष्टका सुरू झाल्या आणि मी लगेच ओळखलं, की हे आमच्या बाईसाहेबांचं काम. नवरीच्या वारलेल्या आईने लावलेली अबोली मंगलाष्टकात आणणं दुसऱ्या कोणाला सुचणार? बऱ्या होत्या. काहींना आवडल्याही असाव्यात. मात्र तिसऱ्या अष्टकात यती मोडला आहे. बाराव्या अक्षरावर थांबायचं असतं हे मी तुला वसतिगृहात दहादा सांगितलं होतं.

मावशीला आणि नाथाकाकांना नमस्कार. लोभ आहेच, फक्त त्याला अधूनमधून पत्राचं पाणी घालत जा.

तुझी,
मनीषाताई


वणी,
२४ जून २०२५

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

आशीर्वाद पोचले, मोडलेल्या यतीसकट. आमचे भटजी बाराव्या अक्षरावर श्वास घेत नाहीत, त्यांचा दम संपेल तिथे घेतात. त्यांना शिकवायला तू एकदा वणीला ये.

माझं काम कसं चालतं ते तू कधी विचारलं नाहीस, पण मीच सांगते. मी आधी नवरीच्या घरी जाऊन बसते. घरात कोण कोण आहे, मामा किती, कोण वारलं, कोण कोणाशी बोलत नाही, सगळं वहीत उतरवते. मग लिहायला घेते. मागच्या महिन्यात दिंडोरीच्या एका घरात यादीतून एक चुलते गळले आहेत असं मला वाटलं, म्हणून मी मोठ्या मनाने त्यांचं नाव घातलं. बांधाच्या भांडणावरून वीस वर्षं बोलणं नव्हतं, ते मला कोणी सांगितलंच नव्हतं. माइकवर नाव ऐकताच ते चुलते मांडवाच्या मागच्या रांगेतून उठून थेट पुढे आले आणि अक्षता टाकायला भावाशेजारी उभे राहिले. आता दोन्ही घरं मला दुवा देतात, आणि मी मात्र त्या दिवशी मंडपातून पळायच्या बेतात होते.

पण तू म्हणतेस तो रकाना मलाही सापडत नाही, ताई. देवळालीच्या त्या लग्नात कोणी विचारलं का गं, की हे कोणी लिहिलं? मला खरंच जाणून घ्यायचं आहे. मी लिहिते, भटजी गातात आणि लोक भटजींच्या पाया पडतात. गावात मला मंगलाष्टकवाली म्हणतात. तुला मॅडम म्हणतात. तुझ्या पाकिटावर ‘प्रा.’ लिहिताना माझा हात दर वेळी थोडा आखडतो. पत्रात खरं लिहायचं ठरलंय म्हणून हेही लिहिलं.

आता मुद्द्याचं. नांदुरीला गडाच्या पायथ्याशी आमचं फुलांचं दुकान आहे, तिथे आबांना कायमचं माणूस हवं आहे. आबा म्हणाले, की लिहून लय झालं, कुठं नाव हाय ना कुठं शिक्का, नवरात्रापासून गल्ल्यावर बसायचं. मी नाही म्हटलं, तर म्हणाले की मग लिहिण्याचीच नोकरी दाखव, मी एक शब्द बोलणार नाय. आबा शब्दाला पक्के आहेत, तुला ठाऊक आहे. फुलांचा मला कंटाळा नाही गं. पण एकदा त्या गल्ल्यावर बसले, की लिहिणं माझ्या हातून सुटेल. तू शहरात आहेस, कॉलेजात आहेस. लिहिणाऱ्या माणसाची कुठे गरज आहे असं कानावर आलं तर मला कळव. एवढंच मागते.

ललितभाऊजींना नमस्कार. माझ्याकडे लोभ भरपूर आहे, हवा तेवढा उचल.

तुझी,
स्नेहल


नाशिक,
२ जुलै २०२५

चि. स्नेहल हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. चुलत्यांचा किस्सा ललितला वाचून दाखवला, तो पोट धरून हसला.

तू सांगितलेलं काम मी विसरलेले नाही. गंगापूर रोडवर ऑडिओबुक करणारी एक छोटी संस्था आहे. कानांनी ऐकायच्या गोष्टी लिहिण्यासाठी त्यांना एक माणूस हवा आहे, कायम नोकरीवर. जागा एकच. त्यांनी आमच्या विभागाच्या फलकावर सूचना लावली आहे, बाहेर कुठे जाहिरात दिलेली नाही. सूचनेची प्रत सोबत जोडली आहे. फोनवर सांगणार होते, पण नियम, नमुना, पत्ता असं सगळं कागदावर हाती असलेलं बरं. अर्जाची शेवटची तारीख दहा जुलै आहे, तेव्हा पत्र मिळताच पाठव. उशिरा आलेले अर्ज ते घेणार नाहीत असं खाली ठळक लिहिलं आहे. मीही सहज अर्ज करून ठेवते आहे. माझी ऑर्डर कधी येते कोणास ठाऊक.

कॉलेजचं म्हणशील तर मुलं अजून जीव लावतात, तेवढंच समाधान. काल गुरुपौर्णिमेला वीस-बावीस जणी गुलाब घेऊन आल्या आणि ओळीने पाया पडल्या. ती साईसुद्धा होती. म्हणाली, की मॅडम, तुमच्यामुळे मी मराठी घेतलं. डोळ्यांत पाणी आलं. नेमणूक असो नसो, असं सुख दुसऱ्या कुठल्या कामात मिळत नाही गं.

मावशीची गुडघेदुखी कशी आहे? लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
मनीषाताई


वणी,
१९ जुलै २०२५

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

तुझं दोन तारखेचं पत्र मला पंधराला मिळालं. अर्जाची मुदत दहालाच संपली होती. मी त्या संस्थेला फोन लावला. तिथल्या मुलीने फार गोड आवाजात सांगितलं, की आता काही करता येणार नाही.

मग मी काय केलं ते ऐक. पाकिटावरचा शिक्का असा फिसकटलेला, की तारीख काही लागेना. मी तशीच पोस्टात गेले आणि आमच्या वाल्मीकदादा पोस्टमनला सगळ्यांसमोर फाडफाड बोलले. नाशिकहून वणीला यायला तेरा दिवस लागतात का, पत्रं पिशवीत घालून कुठे झोपा काढता, असं वाट्टेल ते. बिचारे खाली मान घालून ऐकत राहिले. एवढंच म्हणाले, की ताई, नाशिकचं टपाल दोन-तीन दिवसांत येतं, आलं त्या दिवशी तुमच्या दारात टाकलं, माझ्याकडं एक दिवस बी नव्हतं. मी त्यांना खोटं ठरवून घरी आले.

ताई, आता मी लिहिते ते नीट वाच. तुझ्या पत्रातला नोकरीचा परिच्छेद मी एकदाच वाचला, कारण त्यात आता अर्थ उरला नव्हता. गुरुपौर्णिमेचा मात्र पाच-सहा वेळा वाचला. का, तेही सांगते. मी जळत होते. वीस-बावीस जणी ओळीने पाया पडतात, गुलाब देतात, आणि माझं लिहिणं ऐकून लोक भटजींच्या पाया पडतात. म्हणून तेच तेच वाचत बसले, जीभ दुखऱ्या दाताकडे जावी तशी. आणि सहाव्या खेपेला माझी नजर भिंतीवरच्या कालनिर्णयवर गेली.

गुरुपौर्णिमा दहा जुलैला होती. तू दोन जुलैला ‘काल गुरुपौर्णिमेला’ असं कसं लिहिलंस?

म्हणजे पत्र तू अकराला लिहिलंस. मुदत संपल्यावर. वर तारीख आधीची घातलीस, आणि खाली मुलींच्या गुलाबांचं सांगितल्याशिवाय तुला राहवलं नाही.

मी आबांना काही सांगितलेलं नाही. आईलाही नाही. आबांनी नांदुरीच्या दुकानाला रंग द्यायला घेतला आहे, मी हो म्हटलं आहे. वाल्मीकदादांची माफी सोमवारी मागेन. तू यती मोजणारी बाई, आणि तारीख मोजायला विसरलीस.

लोभाचं काय करायचं ते तूच ठरव.

स्नेहल


नाशिक,
२५ जुलै २०२५

प्रिय स्नेहल,

आज आशीर्वाद देत नाही. ते द्यायचा मान माझ्याकडे राहिलेला नाही.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. सूचना फलकावर एक जुलैला लागली. त्याच दिवशी मी तिची प्रत काढली, पाकीट घेतलं, तुझा पत्ता लिहिला. पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले आणि परत आले. रोज पर्समध्ये ते पाकीट घेऊन कॉलेजला जात होते आणि घेऊन परत येत होते. स्वतःला सांगत होते, की उद्या टाकू. दहाला संध्याकाळी मला सुटल्यासारखं वाटलं. अकराला पत्र लिहिलं, बाराला टाकलं. तू अर्ज केलास तर जागा तुला मिळेल, याची मला खात्री होती. तीच खात्री मला सोसवली नाही.

देवळालीच्या लग्नात कोणी विचारलं का, असं तू विचारलं होतंस आणि मी उत्तर टाळलं. आता देते. चौथ्या अष्टकात ती अबोली आली, मुलगी सासरी जाते, आता त्या रोपाला कोणीतरी पाणी घाला असं त्यात सांगितलं, आणि भटजी ‘सावधान’ म्हणाले तरी कोणीही अक्षता टाकल्या नाहीत. सातशे माणसं मुठीत अक्षता धरून उभी. तोफखान्यातले ते दांडगे जवान नाकं पुसत होते. मी एकटी पहिल्या अष्टकापासून बोटांवर अक्षरं मोजत होते, चूक सापडावी म्हणून. आणि तिसऱ्यातली ती एक सापडल्यावर मला बरं वाटलं, स्नेहल. माझा शोधनिबंध वाचून आजवर कोणी नाक पुसलेलं नाही. सुवर्णपदक मिळवूनही मला हे येत नाही आणि तुला दुसऱ्या वर्गात पास होऊन येतं, हे मी वसतिगृहापासून जाणते. तेव्हापासून जळते आहे.

माझी बोटं हलताना शेजारच्या एका बाईंनी पाहिली. नवऱ्या मुलाची आत्या, सविताताई देवरे. त्यांनी विचारलं, की तुम्हाला हे पाठ दिसतं, कोणी लिहिलंय. मी म्हटलं, कल्पना नाही.

तुझं पत्र मला बावीसला मिळालं. तेवीसला मुलाखत होती. जाऊ नये असं वाटत होतं, तरी गेले, कारण ऑर्डर अजूनही आलेली नाही. आत गेले तर टेबलामागे त्याच सविताताई. ती संस्था त्यांचीच निघाली. त्यांनी मला अर्धा तास दिला आणि पोळ्या लाटता लाटता एखाद्या बाईला ऐकाविशी वाटेल अशी गोष्ट लिहायला सांगितली. मी लिहिली. त्यांनी वाचली आणि भाषा फार शुद्ध आहे असं म्हणाल्या. मला कळलं.

मग त्यांनी मला ओळखलं. म्हणाल्या, त्या लग्नापासून मी त्या मंगलाष्टका लिहिणाऱ्या माणसाला शोधते आहे. भटजी म्हणतात मीच रचतो, ते काही मला पटत नाही. व्याही म्हणतात वणीकडची कोणी मुलगी येऊन वहीत उतरवून गेली, नाव लक्षात नाही. असं लिहिणारं कोणीतरी मिळावं म्हणूनच ही जागा काढली आणि कॉलेजांच्या फलकांवर सूचना लावली. तुम्ही मराठीच्या, तुम्हाला खरंच माहीत नाही का?

मी पुन्हा नाही म्हटलं.

तुझं पत्र पर्समध्ये होतं तरी मी नाही म्हटलं. जिना उतरून खाली आले, चपला घातल्या, रिक्षाला हात केला. रिक्षा थांबली. मग काय झालं कोणास ठाऊक, तुझे ते वाल्मीकदादा डोळ्यांपुढे आले, खाली मान घालून उभे राहिलेले. त्यांना मी कधी पाहिलेलंही नाही. रिक्षावाल्याची क्षमा मागून पुन्हा वर गेले. सविताताईंना सांगितलं, की नाव स्नेहल नाथा गांगुर्डे, माझी सख्खी मावसबहीण, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तिचा अर्ज मुदतीत न पोचण्याचं कारण मीच आहे. तुझा नंबर कागदावर लिहून दिला. त्यांनी नंबर मोठ्याने वाचून खात्री करून घेतली.

यात माझं काही मोठेपण नाही. दोनदा नाही म्हणून झाल्यावर एकदा हो म्हटलं, एवढंच. त्यांचा फोन येईल. आला की माझ्यावरच्या रागाने तो उचलायचं टाळू नकोस.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही.

मनीषा


वणी,
२ ऑगस्ट २०२५

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

फोन आला. मी उचलला. तीस तारखेला नाशिकला जाऊन आले, तुला न कळवता. सविताताईंनी मलाही पोळ्या लाटणाऱ्या बाईची गोष्ट लिहायला लावली. मी तिच्या घरात कोण कोण आहे, कोण वारलं आणि ती कोणाशी बोलत नाही, एवढंच आधी ठरवलं आणि मग लिहीत सुटले. अठरा ऑगस्टपासून रुजू व्हायचं आहे. प्रत्येक गोष्ट सुरू होण्याआधी लिहिणाऱ्याचं नाव घेतात, असं त्यांनी आपण होऊन सांगितलं. आबांना हे सांगितलं, तर त्यांनी दोनदा विचारलं, की पूर्ण नाव घेत्यात का, बापाच्या नावासकट. हो म्हटल्यावर दुकानाचा रंगाचा डबा उचलून माळ्यावर ठेवला आणि शब्दाला जागून एक अक्षर बोलले नाहीत.

वाल्मीकदादांची माफी मागितली, पोस्टात सगळ्यांसमोरच, जसं बोलले होते तसंच. ते म्हणाले, की जाऊ द्या ताई, पत्रं लिहिणारं गावात तुम्हीच एक राहिला, तुम्ही नाय बोलणार तर कोण बोलणार.

आता तुझं. आईला वाटतं मी तुझ्याकडे राहणार. तिने तुझ्यासाठी शेवयांचा डबा भरून ठेवलाय. मी पंचवटीत मुलींच्या वसतिगृहात जागा पाहिली आहे. तुझ्याकडे राहणं मला सध्या जमणार नाही. रोज सकाळी तुझ्या हातचा चहा घेताना ते पर्समधलं पाकीट आठवेल, आणि मग मीही काहीतरी वावगं बोलेन. शेवया मात्र आणून देईन.

मी स्वतःला विचारलं, की उलट असतं तर मी काय केलं असतं. पत्रात खरंच लिहायचं आहे म्हणून लिहिते. वीस-बावीस गुलाब माझ्याकडे असते आणि सातशे माणसांचं रडू तुझ्याकडे, तर मीही पेटीपर्यंत जाऊन परत आले असते. तू जिना पुन्हा चढलीस, मी चढले असते की नाही ते सांगता येत नाही. म्हणून तुला माफ केलं असं समजू नकोस. अजून केलेलं नाही. दिवाळीपर्यंत बघू.

तुझी ऑर्डर आली का ते कळव. नसेल आली तरी पाकिटावर मी ‘प्रा.’ लिहिलंय, या वेळी हात आखडला नाही. आणि तिसऱ्या अष्टकातला तो यती मी दुरुस्त केला आहे. सोबत कागद जोडलाय, मोजून बघ आणि आता तरी बरोबर आहे का ते सांग. तुझ्यासारखं मोजणारं माझ्याकडे दुसरं कोणी नाही.

उत्तर लिहिशील तेव्हा आधी वर त्या दिवसाची खरी तारीख घाल आणि त्याच दिवशी पेटीत टाक. लोभाचं मग बोलू.

तुझी,
स्नेहल